नायट्रोजनचे वाटेकरी

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतला शिवदासबाबांचा कारखाना वर्षानुवर्षं खाणींसाठी चाळण्या बनवत आला होता. आता तो एका परदेशी दुर्बिणीसाठी पट्ट्या बनवत होता, आणि शिवदासबाबांच्या मते या दोन धंद्यांत फारसा फरक नव्हता.

“ही पण चाळणीच,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. “तिथं खनिज चाळायचं, इथं उजेड.”

पद्मावतीला हे पहिल्यांदा ऐकून राग आला. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तिने चाळणीच्या कारखान्यात नोकरी धरली होती ती केवळ या उपकरणासाठी. मग संध्याकाळी बसमध्ये तिने शांतपणे विचार केला, आणि बाबांच्या वाक्यात चूक काढता येत नाही असं तिच्या ध्यानात आलं. याचा तिला आणखी राग आला.

दुर्बीण दूर कुठल्याशा उंच डोंगरावर होती. तिला जोडायचं उपकरण आकाशगंगांचा प्रकाश घेऊन त्याचे रंग वेगळे करणार होतं. रंग डोळ्यांना दिसणारे नव्हेत, तांबड्याच्या पलीकडचे, अवरक्त. एकेक आकाशगंगा बघत बसायची तर एकीपायी अख्खी रात्र जाते. म्हणून एका वेळी पुष्कळ बघायच्या. त्यासाठी बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारख्या धातूच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी सरकत समोरासमोर येणार, प्रत्येक जोडी मध्ये केसाएवढी फट ठेवणार, आणि प्रत्येक फटीतून एका आकाशगंगेचा प्रकाश आत जाणार. आकाशाचा तुकडा बदलला की पट्ट्या सरकून नव्या फटी तयार. या पट्ट्यांच्या डब्याचा नमुना पुण्याच्या एका संस्थेने शिवदासबाबांकडे सोपवला होता. तो पसंत पडला तर खरे डबे डिचोलीतच होणार होते. नापसंत झाला तर बाब पुन्हा चाळण्यांकडे वळणार, आणि पद्मावती कोरगावला आईकडे.

आई, म्हणजे यशोदा, त्याच दिवसाची वाट बघत होती. “हायर सेकंडरीत जागा सुटली हा,” ती दर चार दिवसांनी आठवण करायची. “उजेड थंयसर पण शिकवतत.”

पद्मावतीला शिकवण्याचा कंटाळा नव्हता. दुसऱ्यांनी मोजलेलं जन्मभर शिकवत बसण्याचा होता.

पट्ट्या घासूनपुसून केसाच्या अंशापर्यंत जुळवणं बाबांच्या माणसांना जमलं. कठीण होती ती थंडी. अवरक्त प्रकाशात कोमट वस्तूही मिणमिणते. आपल्या हाताला गार लागणारं लोखंड त्या उपकरणाच्या दृष्टीने विझत आलेला निखारा असतो, आणि निखाऱ्याशेजारी बसून कुणाला दूरची पणती दिसत नाही. म्हणून पट्ट्यांनी द्रव नायट्रोजनच्या थंडीत राहायचं आणि तिथंच सरकायचं. त्यासाठी बाबांनी स्टीलची एक शीतटाकी केली होती. वर नायट्रोजनचं रुंद तोंडाचं भांडं, त्याच्या बुडाला चिकटून हवा काढून घेतलेली बंद कोठी, कोठीत पट्ट्या, आणि कोठीला काचेचं एक बारीक जनेल, आत बघायची खिडकी. त्यावर कॅमेरा लावला की पट्ट्या संगणकाच्या पडद्यावर दिसत.

द्रव नायट्रोजन डिचोलीच्या बाजारात मिळत नाही. तो घाटावरून गाडीने येतो, आणि येतो तो दुर्बिणीसाठी नव्हे तर गाईंसाठी. गुरांच्या दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठी बैलांचं वीर्य बारीक कांड्यांत भरून त्याच थंडीत बुडवून ठेवतात. पेडण्याच्या दवाखान्यात हे काम पद्मावतीचा मामा सगुण बघायचा. त्यामुळे विश्वाच्या उत्पत्तीचा शोध लावायची वेळ आली तेव्हा पद्मावतीने पहिला फोन मामाला केला. मामाने साहेबाला न विचारता आपला राखीव कॅन आणून दिला.

त्या नायट्रोजनची खोबरेल तेलाने वाट लावली.

झालं असं, की पहिल्या चाचणीच्या आधी एक पट्टी सरकताना बारीकशी कुरकुरत होती. पुण्याच्या लोकांपुढे कुरकुर नको, म्हणून शिवदासबाबांनी कुणाला न सांगता कोंबडीच्या पिसाने तिच्या खाचेला थेंबभर खोबरेल लावलं. घरच्या शिवणयंत्रापासून देवळाच्या दाराच्या बिजागरीपर्यंत त्यांनी आयुष्यभर हेच लावलं होतं, आणि आजवर कुणाची तक्रार आली नव्हती. डिचोलीत खोबरेल गोठलंच तर एखाद्या थंडीच्या सकाळी गोठतं, आणि बाटली उन्हात ठेवली की काम भागतं. शीतटाकीत ऊन नव्हतं. सगळ्या पट्ट्या सरकल्या, ती एक दगडासारखी बसून राहिली. टाकी पुन्हा गरम करून कोठी उघडून सगळं धुवावं लागलं, आणि मामाचा नायट्रोजन वाफ होऊन डिचोलीच्या हवेत मिसळला. तिथं तो आधीच भरपूर होता.

“पण बाय, गुळगुळीत व्हावी म्हणूनच लावलेलं,” शिवदासबाब म्हणाले.

“हो बाब.”

“तेल घाण्यावरचं होतं. भेसळ नाही.”

“नाही बाब. शुद्ध होतं म्हणूनच नीट गोठलं.”

नवा नायट्रोजन मागवला, तेवढ्यात खनिजाच्या ट्रकमालकांनी दरवाढीसाठी ट्रक आडवे लावून रस्ते बंद केले. नायट्रोजनची गाडी घाटाच्या पलीकडे अडकली. चाचणी घेणारे पुण्याच्या संस्थेचे डॉ. पाटणकर मात्र रेल्वेने येणार होते, आणि रेल्वे अडवण्याइतके ट्रकमालक अजून चिडले नव्हते.

सगुणमामा स्कूटर घेऊन ट्रकांच्या फटींतून डिचोलीला आला, तो भाचीची खबर घ्यायला नव्हे.

“पद्मा गो, राखीव कॅन तू रिकामो केलंस, तां माका चालता,” कोपऱ्यातली कदेल ओढून तिच्यावर बसत तो म्हणाला. “पण सायबाक चालूचा नाय. गाडी येवक नाय. आता माझ्याकडे एकच भांडा, ज्यात कांडये आसत. त्यातला पण तुका होया म्हणू नको.”

“तेच म्हणणार होते, मामा.”

मामाने शिवदासबाबांकडे पाहिलं. बाब छताकडे बघत होते.

पद्मावतीने हिशेब मांडला. कारखान्याच्या कॅनमधला उरलेला नायट्रोजन आणि मामाच्या भांड्यातला, दोन्ही एकत्र केले तर शीतटाकी जेमतेम भरत होती. कांड्या बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. त्या मामाच्या भांड्यात राहतील की शीतटाकीत, याच्याशी बैलांना कर्तव्य नव्हतं. मामाचं भांडं थंडी कितीतरी जास्त दिवस धरतं, हे तिने लपवलं नाही. पण चाचणी संपताच उरलेला नायट्रोजन आणि कांड्या परत त्याच्या भांड्यात जातील, आणि तोवर रस्ता मोकळा होईल. टाकीचं तोंड बाबांनी पहिल्यापासूनच घागरीएवढं ठेवलं होतं. कांड्यांचे डबे आकडीला लावून काठावर सहज टांगता येत होते.

“म्हणजे माझे बैल तुझ्या दुर्बिणीत,” मामा म्हणाला.

“दुर्बिणीच्या डब्यावरच्या टाकीत.”

“आणि माका डोस लागलो तर?”

“केव्हाही ये. मी झाकण उघडून देईन.”

“शब्द?”

“शब्द.”

मामाने मान डोलावली, आणि त्याच दिवशी भांडं कांड्यांसकट स्कूटरवर बांधून आणून दिलं. पेडणे ते डिचोली अंतर त्याने स्कूटरवर बसल्यावर मोजलं असावं, कारण जाताना तो काहीतरी पुटपुटत होता.

डॉ. अभिजीत पाटणकर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. सावकाश बोलणारे, स्वच्छ शर्टातले गृहस्थ. चाचणीचे नियम त्यांनी स्वतः लिहिले होते. पट्ट्या गार झाल्या की एका रचनेत लावायच्या आणि संध्याकाळपर्यंत तशाच ठेवायच्या. तेवढ्या वेळात त्या जागच्या हलता कामा नयेत, आणि टाकीला कुणी हात लावता कामा नये. लावला तर चाचणी रद्द.

पट्ट्या सरकल्या. एकही अडली नाही. समोरासमोर येऊन त्यांनी बारीक फटी धरल्या, आणि पडद्यावर उजेडाच्या रेघा उमटल्या. शिवदासबाबांनी डोक्यावरची कागदी टोपी काढली, मग स्वच्छतेचा नियम आठवून परत घातली.

“छान,” डॉ. पाटणकर म्हणाले. “आता नुसतं बसायचं.”

ते बसले. पद्मावतीही बसली. टाकीत मामाचे बैल आहेत हे त्यांना चाचणी संपल्यावर सांगायचं तिने ठरवलं होतं. हे खोटं बोलणं नव्हे, नुसता क्रम आहे, असं तिने स्वतःला समजावलं होतं. तिचा क्रम दुपारच्या आधीच मोडला. बाहेर स्कूटर थांबली आणि हेल्मेटसकट सगुणमामा आत आला. दारातच शिवदासबाबांनी त्याच्या चपलांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या.

“रत्नाची गाय माजार इली,” तो पद्मावतीला म्हणाला.

डॉ. पाटणकरांनी वळून पाहिलं. “हे कोण?”

“मी सगुण. पेडण्याच्या गुरांच्या दवाखान्यातलो.” त्याने टाकीकडे बोट केलं. “ह्याच्यात माझे बैल आसत.”

डॉ. पाटणकरांनी टाकीकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. टाकी तीच होती.

“किती?” त्यांनी विचारलं.

“बैल चार. डोस पुष्कळ.”

“पद्मावती,” ते आवाज न चढवता म्हणाले, “टाकीत नायट्रोजनशिवाय काही आहे हे तुम्ही मला सांगितलं नाही.”

“संध्याकाळी सांगणार होते, सर. रस्ते बंद होते. नायट्रोजन यांचा आहे. निम्म्याहून जास्त.”

तिने सगळं सांगितलं, खोबरेलासकट. शिवदासबाबांनी खोबरेलाच्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं. डॉ. पाटणकर ऐकत गेले, आणि शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. “झाकण उघडलं तर पट्ट्यांचं तापमान बदलेल?”

“नाही, सर. कोठी बंदच राहते. वरचा नायट्रोजन थोडा उकळेल. त्याने थंडी कमी होत नाही. हादरा बसेल तेवढाच.”

“मग उघडूक हरकत काय?” मामाने विचारलं.

“हरकत काही नाही,” डॉ. पाटणकर म्हणाले. “फक्त चाचणी रद्द होईल.”

“म्हणजे काय होता?”

“काही होत नाही. पण नियम आहे.”

“कोणी केलो?”

“मी.”

“मग मोडा.”

“मी केला म्हणूनच मोडता येत नाही. दुसऱ्याने केला असता तर विचार केला असता.”

मामाला हे पटलं असावं. सरकारी नोकरीत त्यानेही बरीच वर्षं काढली होती.

“संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही?” डॉ. पाटणकरांनी विचारलं.

“मी थांबतंय. गाय थांबाची नाय. ही वेळ गेली की परत तीन आठवडे. दोनदा डोस दिलो, दोनदा गाय उलटली, पोटात काय रवला नाय. रत्ना म्हणता, ह्या खेपेक नाय झाला तर गाय इकतंय.”

शिवदासबाब पद्मावतीच्या जवळ सरकले. “बाय,” ते हळूच म्हणाले, “गाय एकच आहे.”

पट्ट्यांचा डबाही एकच होता. पुन्हा चाचणी घ्यायला नायट्रोजन उरणार नव्हता, आणि डॉ. पाटणकर उद्या परतणार होते. पट्ट्या पडद्यावर निश्चल उभ्या होत्या, प्रत्येक फट जिथल्या तिथे. इतकं नीट आजवर काहीच झालं नव्हतं. कोरगावच्या हायर सेकंडरीतला फळा तिला स्पष्ट दिसला, कोपऱ्यात तारीख लिहिलेला. मामाने तिला शब्दाची आठवण करून दिली असती तर तिला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. मामा नुसता पायांतल्या पिशव्यांकडे बघत उभा राहिला.

पद्मावतीने जाड हातमोजे चढवले आणि झाकण उचललं.

पांढरं धुकं टाकीच्या काठावरून जमिनीवर उतरलं. मामाने आकडी धरून कांड्यांचा डबा वर ओढला, तसा तो टाकीच्या गळ्याला आपटला. टण्‌कन आवाज झाला. पडद्यावरच्या रेघा थरथरल्या. मामाचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. त्याने लांब चिमट्याने एक कांडी निवडली, तिच्यावरचा आकडा वाचला, “हो नको, हेचीच दोनदा उलटली,” म्हणत ती परत बुडवली, दुसरी काढली, सोबतच्या छोट्या थर्मासात सोडली आणि डबा जागेवर टांगला. टांगताना तो पुन्हा आपटला.

“येतंय,” म्हणून तो गेला. स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं. चपलांवरच्या पिशव्या त्याने काढल्या नव्हत्या.

झाकण बसवून पद्मावती पडद्यासमोर बसली. तिने एकेक फट मोजली, शेवटपर्यंत मोजून पुन्हा पहिल्यापासून मोजली. डॉ. पाटणकर तिच्या खांद्यावरून बघत होते.

“हलल्या नाहीत,” ते म्हणाले.

“हलल्या, सर. हलून परत आल्या. फरक मोजता येत नाही इतका कमी आहे.”

“चाचणी रद्द झाली आहे.”

“हो, सर.”

शिवदासबाबांनी चहा मागवला, तो आला आणि गार झाला.

“एक गोष्ट आहे,” मग डॉ. पाटणकर म्हणाले. “आमच्याकडे धक्क्याची एक चाचणी कायमची राहून गेली आहे. दुर्बिणीवर तंत्रज्ञ टाकी भरायला येतात, आदळआपट होते. ते सोसलं पाहिजे. पण पुण्यात ती कधी नीट झाली नाही. धक्का द्यायला सांगितलं की माणूस जपून देतो. त्याला उपकरणाची दया येते.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “या गृहस्थांना आली नाही.”

“त्यांना घाई होती, सर.”

“तेच तर. कारण काय लिहू?”

“गाय माजावर आली.”

डॉ. पाटणकरांनी लिहिलं, ‘टाळता न येणारे बाह्य कारण.’ मग संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी पट्ट्यांवर नजर ठेवली. त्या जागच्या हलल्या नाहीत, पण त्याला आता महत्त्व नव्हतं. ती चाचणी रद्दच होती. पास झाली ती दुसरी.

दुर्बिणीच्या परदेशातल्या समितीला ही दुसरी चाचणी फार आवडली. इतका निष्काळजी आणि इतका निःपक्षपाती धक्का कुठल्याच कारखान्याने दिला नव्हता, असं त्यांचं मत पडलं. खरे डबे करायचं काम डिचोलीला मिळालं. पद्मावती कोरगावला परतली नाही. आईने हायर सेकंडरीचं नाव सोडून लग्नाचं काढलं. रत्नाची गाय या खेपेला उलटली नाही.

कामासोबत समितीचे नियमही आले. त्यांत धक्क्याची चाचणी आता प्रत्येक डब्याला सक्तीची होती. डॉ. पाटणकरांनी तिची भाषा काळजीपूर्वक बेतली होती. पट्ट्या स्थिर असताना, पूर्वसूचना न देता आलेल्या आणि उपकरणात कोणताही रस नसलेल्या त्रयस्थ व्यक्तीने स्वतःच्या कामासाठी टाकी उघडावी.

पहिला खरा डबा तयार झाला तेव्हा ट्रकमालकांचा तंटा मिटला होता. नायट्रोजनची गाडी वेळेवर येत होती. पेडण्याच्या दवाखान्याला खात्याने नवं मोठं भांडं दिलं होतं, आणि सगुणमामाने फोनवर भाचीला आनंदाने कळवलं होतं, की आता त्याला डिचोलीपर्यंत हेलपाटे घालायचं कारण उरलेलं नाही.

सकाळपासून पट्ट्या आपापल्या जागी उभ्या होत्या. थंडी स्थिर होती. पडद्यावर रेघा अशा होत्या, की पद्मावतीने मोजायचंही सोडून दिलं. टाकीभोवती ती आणि शिवदासबाब बसून होते.

“सगुणला फोन करूया?” दुपारी बाबांनी विचारलं.

“मग ती पूर्वसूचना झाली, बाब.”

“मी उघडतो. हेल्मेट घालून.”

“तुम्हाला रस आहे.”

“आताशा तितकासा नाही,” बाब म्हणाले.

दुपार कलली. टाकीतला नायट्रोजन हळूहळू उडून जात होता, आणि उपकरण निर्दोष असल्यामुळे अजून नापासच होतं. संध्याकाळी फाटकाबाहेर पोदेराचा भोंगा वाजला. सायकलच्या टोपलीत पाव घेऊन तो वसाहतीतून रोज याच वेळी जायचा, आणि दुर्बिणीत त्याला काडीचाही रस नव्हता. भोंगा जवळ आला. शिवदासबाबांनी पद्मावतीकडे बघितलं. पद्मावतीने टाकीकडे बघितलं.

“हाक मारायची नाही, बाब.”

“मारत नाही,” बाब उठत म्हणाले. “दार तेवढं उघडं ठेवतो.”